दसऱ्याची पिलं

कोंबड्या पाळायच्या म्हणून माझ्याकडे आलेल्या माणसानं पहिला प्रश्न 'कधी?' असा विचारलाय, हे एकतीस वर्षांच्या नोकरीत चार वेळाही घडलं नाही. जात कुठली घेऊ विचारतील, शेड केवढं बांधू विचारतील, कोंबडा किती दिवसांत किलोचा होईल विचारतील. महिना कुणी विचारणार नाही. आणि हीच माणसं हस्ताचा पाऊस बघितल्याशिवाय ज्वारीच्या बियाण्याला हात लावत नाहीत. हरभरा आठ दिवस उशिरा पडला तर यांचं जेवणात लक्ष लागत नाही. कोंबडी मात्र यांच्या लेखी बारमाही. वाटलं तेव्हा आणा, मेली की देवाला दोष द्या.

शेतकऱ्यावर रागावून मी थांबलो असतो तर हा लेख लिहायची गरज नव्हती. माझा खरा राग, सगळं माहीत असून चुकीचा महिना निवडणाऱ्या शहाण्यांवर आहे. त्यांच्यात मी पण येतो, ते पुढं सांगतोच.

ढोकी ते कळंब रस्त्याच्या दोन्ही अंगाच्या गावांत मी एका संस्थेच्या कुक्कुटपालन विभागाचं काम केलं. संस्थेचं नाव लिहीत नाही. कागदावर माझं पद क्षेत्र सहायक, गावात कोंबडीडॉक्टर. डॉक्टरकी मी शिकलेलो नाही. बारावीनंतरचं सहा महिन्यांचं प्रशिक्षण आणि मोटारसायकलला बांधलेला बर्फाचा थर्मास, त्यात मानमोडी म्हणजे राणीखेत रोगाची लस, एवढंच माझं भांडवल. सातव्या दिवशी पिलाच्या डोळ्यात एक थेंब टाकायचा असतो. माझ्या हातानं तो थेंब कधी चुकला नाही, हे मात्र मी निवृत्तीच्या सत्काराच्या भाषणातही ठासून सांगितलं.

ज्यांनी कोंबडी फक्त ताटात बघितली त्यांच्यासाठी थोडं सांगतो. घरची कोंबडी खुडूक झाली की अंड्यांवर बसते, एकवीस दिवसांनी पिलं निघतात, आणि पुढचा महिनाभर तीच त्यांना पंखाखाली घेते. संस्थेकडून किंवा हॅचरीतून येणारं पिलू एक दिवसाचं असतं आणि त्याला आई नसते. त्याची आई म्हणजे विजेचा बल्ब. पत्र्याचं नाहीतर पुठ्ठ्याचं गोल कडं करायचं, खाली भुसा पसरायचा, वर बल्ब टांगायचा. पिलं बल्बखाली एकमेकांवर चढून बसली तर समजायचं गारठलीत. कड्याला चिकटून चोच उघडी टाकून धापा टाकायला लागली तर उकडतंय. विखरून दाणे टिपत फिरली तर तुम्ही घरी जाऊन जेवायला हरकत नाही. पिलं बोलत नाहीत असं म्हणतात ते खोटं आहे. ती एवढं स्पष्ट बोलतात की माझ्या साहेबांना सोडून सगळ्यांना कळतं.

आता महिना. आपल्याकडे पावसाळ्यात भुसा ओला होतो आणि पिलांना रक्ती हगवण लागते. ऐन थंडीत लोडशेडिंग असतं आणि बल्ब विझला की पिलांचा ढीग होतो, ढिगाखालची मरतात. उन्हाळ्याचं तर विचारूच नका, पत्र्याखाली भट्टी. राहतो दसरा. पाऊस सरलेला, हवा कोरडी, थंडी अजून लांब. दसऱ्याला आणलेलं पिलू कडाक्याची थंडी पडायच्या आत पिसं भरून घेतं, संक्रांतीला अंगणात ऐटीत फिरतं आणि चैत्रातल्या जत्रांना गिऱ्हाईक दारात येतं. म्हणून मी गावोगाव एकच वाक्य सांगत फिरलो, 'पिलं दसऱ्याला.' लोक मला चिडवायचे. नमस्कार-चमत्कार न करता मी हेच वाक्य बोलतो म्हणायचे.

कळंबच्या एका निवृत्त गुरुजींनी ते ऐकलं नाही. गणित शिकवायचे. त्यांनी वहीत मांडणीच करून दाखवली. श्रावणात कोणी कोंबडी खात नाही, म्हणून पिलं स्वस्त. आता घ्यायची, गणपती उठले की लोक खायला लागतात, तेव्हा विकायची. मी म्हणालो, "गुरुजी, पिलं दसऱ्याला." ते म्हणाले, "तुमचं सूत्र अनुभवाचं आहे, माझं सिद्ध केलेलं आहे." दहाव्या दिवशी त्यांचा फोन. "अहो, विष्ठा लाल होते आहे. हे कुठल्या सुधारणेचं लक्षण?" मी गेलो तर शेडच्या एका बाजूनं पावसाचं पाणी आत येत होतं आणि त्यावर गुरुजी वर्तमानपत्राच्या पुरवण्या अंथरत होते. औषध दिलं, भुसा बदलायला लावला, निम्मी वाचली. गुरुजी मोठ्या मनाचे. पुढच्या वर्षी त्यांनी दसऱ्याला पिलं घेतली, आणि मला चहा पाजताना म्हणाले, "बाजार बरोबर वाचला होता हो मी. आभाळ वाचलं नाही." असा माणूस चुकला तर राग येत नाही. त्यानं स्वतःच्या पिलांवर प्रयोग केला होता, दुसऱ्याच्या नाही.

दुसऱ्याच्या पिलांवर प्रयोग आमच्या संस्थेनं केला. कौसल्याबाईंच्या.

ढोकीच्या पुढं एका गावात बचतगटाची बैठक होती. संस्था गटातल्या बायकांना प्रत्येकी शंभर पिलं आणि शेडसाठी मदत देणार होती. मी नेहमीप्रमाणे माहिती सांगितली आणि शेवटी माझं वाक्य टाकलं, पिलं दसऱ्याला. मागच्या रांगेतून चाळिशीच्या एक बाई उठल्या. हातावर उसाच्या पाचटाचे जुने ओरखडे. त्या कौसल्याबाई.

"डाक्टर, तुमचं समदं पटलं," त्या म्हणाल्या. "पन दसऱ्याला आमी हितं कुठं आसतो?"

बायका हसल्या. मी गोंधळलो. मग त्यांनीच सांगितलं, आणि सांगताना आवाजात राग नव्हता, मलाच माझा आला. त्या गावातली निम्मी घरं दसरा झाला की ऊसतोडीला जातात. ट्रॅक्टर येतात, म्हातारीकोतारी सोडून सगळे भांडीकुंडी, शेळ्यांसकट चढतात, आणि घरी परत येतात ते उन्हाळा लागल्यावर. म्हणजे कोंबडीचा हंगाम सुरू होतो तेव्हा यांच्या दाराला कुलूप, आणि कुलूप निघतं तेव्हा कोंबडीचा हंगाम संपलेला. हे मी लहानपणापासून बघत होतो. ट्रॅक्टर जाताना रस्त्याच्या कडेला मोटारसायकल घेऊन थांबत होतो. आणि तरी इतकी वर्षं त्या गावांत जाऊन 'पिलं दसऱ्याला' सांगत होतो. नुसतं कोंबडीचं बघून माणसाला सल्ला देणारा मी एक दीडशहाणा.

"मग यंदा जाऊ नका," मी म्हणालो. किती सोपं वाक्य. पगारी माणसालाच सुचतं.

"आन् मालकाचं काय?" त्यांनी विचारलं. "मी न्हाय गेले की ते अर्धा कोयता व्हत्यात."

बाहेरच्या वाचकासाठी हा शब्द सांगायला हवा. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. तो तोडतो, ती मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला टोळी जमवणारा मुकादम दारात उभा करत नाही. म्हणजे कौसल्याबाईंनी कोंबड्यांसाठी घरी राहायचं तर त्यांच्या नवऱ्यालाही राहावं लागणार होतं. एक अख्खा हंगाम सोडायचा, शंभर पिलांच्या भरवशावर.

त्यांचे मालक दत्तूभाऊ, कमी बोलणारे. मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा ते अंगणात कोयत्याला धार लावत होते. त्यांनी एकच विचारलं, "पिलं दसऱ्याला येत्याली का? नक्की?"

मी म्हणालो, "नक्की. माझा शब्द."

कौसल्याबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "लगीन झाल्यापासनं एक दिवाळी घरात केली न्हाय, डाक्टर. पालातच पणती लावायची. यंदा दारात लावते म्हनते." हे त्यांनी हसत सांगितलं. मुकादम आला तेव्हा त्यांनी उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम, घेतली नाही. मुकादमानं दत्तूभाऊंना चार माणसांत विचारलं, "आता काय बायकूच्या कोंबड्या राखनार व्हय?" ते खाली मान घालून राहिले, पण गेले नाहीत.

कौसल्याबाईंनी शेड आधीच बांधून ठेवलं होतं. बांबूचे वासे, वर उसाच्या पाचटाचं जाड छप्पर, चारी बाजूंनी जाळी. मी दुपारी आत उभा राहिलो तर गार वाटलं. मी खूश झालो. धाराशिवहून आमचे साहेब पाहणीला आले आणि छपराकडे बघून म्हणाले, "नमुन्यात पत्रा आहे." मी म्हणालो, "सर, पाचट चांगलं. थंड राहतं." ते म्हणाले, "थंड राहतं की गरम राहतं हा विषय नाही. नमुन्यात पत्रा आहे." कौसल्याबाईंनी पाचट उतरवलं आणि पत्रा चढवला. त्या पत्र्याखाली साहेबांनी एक तास बसून दाखवावं, एवढीच माझी तेव्हा इच्छा होती आणि आजही आहे.

दसरा आला, गावातून ट्रॅक्टर गेले. पिलं आली नाहीत. आधी पत्र्याचा फोटो वर गेला नव्हता म्हणून. दिवाळी झाली. त्या दिवाळीला कौसल्याबाईंनी दारात पणत्या लावल्या, मी बघून आलो. शेडमध्येही एक लावली होती, रिकाम्या. मग पिलं पुरवणाऱ्याचं काही ठरेना. मग वाटप कुणाच्या हस्ते करायचं ते ठरेना. मी दर आठवड्याला साहेबांकडे जायचो आणि ते म्हणायचे, "तुम्ही लाभार्थींना धीर धरायला सांगा." मी सांगायचो. दत्तूभाऊ मिळेल त्या रोजानं जायचे, पण गावात काम देणारेच थोडे उरले होते. संक्रांत गेली, होळी गेली. तोडीला गेलेली माणसं परत यायला लागली. त्यांच्याकडे हंगामाची कमाई होती. कौसल्याबाईंकडे पत्र्याचं रिकामं शेड.

आणि मग तारीख आली. अक्षय तृतीया.

मी साहेबांच्या टेबलासमोर उभा राहून सांगितलं की आता नको. आता पिलं टिकणार नाहीत, पावसाळा संपेपर्यंत थांबू. ते म्हणाले, "अहो, साडेतीन मुहूर्तांतला एक आहे." मी म्हणालो, "सर, दसराही त्यातलाच होता." ते माझ्याकडे असे बघत राहिले की मी तिथून निघालो. नोकरीची तीन वर्षं राहिली होती. हे कारण मी लिहितोय कारण ते खरं आहे, चांगलं आहे म्हणून नाही.

अक्षय तृतीयेला आपण काय करतो? पाण्यानं भरलेली घागर पितरांच्या नावानं देतो. गेलेल्या माणसांनाही या दिवसांत तहान लागत असेल, एवढी समज आपल्या आजी-पणजींना होती. त्याच दिवशी सकाळी नऊला पिलांची खोकी गावात आली, मंडपात एकावर एक रचली गेली, आणि पाहुणे आले दुपारी अडीचला. प्रवासातून आलेल्या पिलाला सगळ्यात आधी गूळपाणी लागतं, दाणेसुद्धा नंतर. मी घरून गूळ नेला होता, पाणी करून ठेवलं होतं. खोकी उघडायला गेलो तर साहेब म्हणाले, "थांबा, पाहुण्यांच्या हस्ते उघडायची आहेत. फोटो आहे." खोक्यांच्या भोकांतून चोचा बाहेर येत होत्या, उघड्या. मी तुम्हाला आधी सांगितलंय उघड्या चोचीचा अर्थ काय असतो. मंडपातल्या शंभर माणसांत तो मला सगळ्यात जास्त कळत होता. आणि मी थांबलो.

भाषणं झाली. पाहुण्यांनी एक पिलू तळहातावर घेतलं, हसले. पिलू हललं नाही, त्यामुळे फोटो छान आला.

कौसल्याबाईंनी खोकं पदराखाली धरून नेलं. पुढचे चार दिवस त्या माउलीनं जे केलं ते मी एकतीस वर्षांत कुठं बघितलं नाही. पत्र्यावर उसाचं पाचट टाकून त्यावर पाणी मारत होत्या. जाळीला ओली गोणपाटं बांधली होती, आणि पाणी आणायला विहीर लांब. दत्तूभाऊ हंड्यांच्या खेपा घालत होते. दुपारच्या वेळी पिलं त्या घरात, स्वतःच्या बाजेखाली ठेवत आणि पुठ्ठ्यानं वारा घालत. मी रोज जात होतो. रोज मोजून बाहेर काढलेली पिलं उंबऱ्याजवळ ओळीनं ठेवलेली असत. पाचव्या दिवशी शंभरातली सात राहिली होती.

"तुमी दसरा म्हनले व्हते, डाक्टर," कौसल्याबाई म्हणाल्या. एवढंच.

आता अहवाल. योजनेतली पिलं मेली की मरतुकीचा अहवाल लागतो, आणि त्यात कारणाचा रकाना असतो. मी लिहिलं होतं, 'अति उष्णता, अयोग्य काळात वाटप.' साहेबांनी वाचलं आणि कागद परत सरकवला. म्हणाले, "वाटप योग्यच होतं, फोटो आहेत. तुम्ही असं लिहा, लाभार्थीच्या निष्काळजीपणामुळे." मी म्हणालो, ते खोटं आहे. ते शांतपणे म्हणाले, "मग खरं काय? तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही खोकी उघडली नाहीत, असं लिहू?" चोर सोडून संन्याशाला सुळी देतात तसंच हे, फक्त चोरांमध्ये मी पण होतो आणि मला सुटायचं होतं. मी नवीन कागदावर ते वाक्य माझ्या अक्षरात लिहिलं. खाली सही केली. अक्षर माझं चांगलं आहे.

तो अहवाल गटाच्या बैठकीत वाचला गेला. असा काही नियम असतो हे मला माहीतच नव्हतं. त्यानंतर मी त्या गावात गेलो तेव्हा कौसल्याबाई दारात ज्वारी निवडत होत्या. त्यांनी मला बसायला घोंगडं दिलं, पाणी दिलं. मग विचारलं, "निष्काळजी म्हंजी काळजी न्हाय केली, आसंच ना?"

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"तुमचीच सही हाय म्हने खाली."

"व्हय," मी म्हणालो. त्यांच्या बोलीत का उत्तर दिलं कोण जाणे.

त्या सुपात ज्वारी पाखडत राहिल्या. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मग म्हणाल्या, "ह्यांनी मुकादमाचं बोलनं आयकून घेतलं, ते मला चाललं. पन गावाम्होरं माझ्या नावानं आसं वाचलं. लई वाईट वाटलं, डाक्टर." त्या वर्षी दसऱ्याला त्यांचा पूर्ण कोयता ट्रॅक्टरवर चढला. संस्थेच्या यादीत त्यांच्या नावापुढं 'अपात्र' असा शिक्का पडला होता, त्यामुळे पुढच्या योजनेत त्यांना पिलं नाहीत, शेळी नाही, काहीच नाही. गटातल्या बायका आता त्यांना काही सांभाळायला देताना दोनदा विचार करतात. जिनं ओल्या गोणपाटाखाली चार दिवस काढले तिला, दोनदा विचार करून!

निवृत्त झाल्यावर मी संस्थेला पत्र लिहिलं की तो अहवाल चुकीचा आहे आणि तो मी दुरुस्त करू इच्छितो. उत्तर आलं नाही. दुसरं पत्र घेऊन स्वतः गेलो. तिथल्या नव्या अधिकाऱ्यांनी चहा मागवला आणि सांगितलं की फाइल बंद झाली आहे, आणि निवृत्त कर्मचाऱ्याला अहवाल दुरुस्त करता येत नाही. गुन्हा नोकरीत असताना करता येतो, कबूलही तेव्हाच करायचा असतो, असा तो नियम. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असं मी त्यांना म्हणालो. ते म्हणाले, चहा गार होतोय.

या अंकाच्या संपादकांनी मला 'कोंबडीपालन कधी सुरू करावं' यावर चार शब्द मागितले होते. ते वर दिलेत, त्यांचा कुणाला उपयोग झाला तर चांगलंच आहे. उरलेली जागा मी माझ्या कामासाठी वापरतो. अहवाल तेव्हा जसा लिहायला हवा होता तसा लिहितो. गटातल्या कुणाच्या हाती हा अंक पडला तर बैठकीत मोठ्यानं वाचावा, जसा तो खोटा अहवाल वाचला होता.

लाभार्थी : कौसल्याबाई. पिलं मिळाली : शंभर, उपाशी आणि तहानलेली. पिलांची निगा : मी नोकरीत बघितलेली सर्वात चांगली. मरतूक : त्र्याण्णव. मरतुकीचं कारण : वैशाख. वैशाखात पिलं वाटणारे : आम्ही. निष्काळजी : खाली सही करणारा.